लंडनमधील एक गोपनीय फेरफटका

लंडनहून परत आलेल्या मराठी माणसाला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. राजवाड्यासमोरची पहाऱ्याची अदलाबदल पाहिली का? मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे पाहिले का? आणि, जेवणाचे हाल झाले का? मी तिन्ही प्रश्नांना 'नाही' म्हणतो. पुतळे पाहिले नाहीत आणि हालही झाले नाहीत. कारण मुक्काम भाचीकडे होता, आणि तिच्या घरी सकाळी पोहे व रात्री आमटीभात अगदी पुण्याच्या घरासारखा होता. मग लोक जरा नाराजीने विचारतात, "अहो, महिनाभर राहून पाहिलंत तरी काय?" त्यावर माझे उत्तर असे: "एक खिडकी, एक तळघर आणि एक कोर्ट."

याचा उलगडा व्हायचा तर आधी माझ्या नोकरीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत.

माझी सारी नोकरी एका सरकारी खात्यात झाली. कोणत्या, ते सांगत नाही. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षे उलटली तरी सवय सुटत नाही. माझ्या टेबलाच्या खणात तीन रबरी शिक्के असत: 'तातडीचे', 'पाहिले' आणि 'गोपनीय'. 'तातडीचे' असे छापलेला कागद महिनाभर पडून राहिलेला मी पाहिला आहे. 'पाहिले' असे छापलेला कागद कोणीही पाहिलेला नाही, हेही पाहिले आहे. 'गोपनीय'चा मात्र दरारा होता. त्याची शाई तांबडी. तो उठला की कागद लिफाफ्यात, तो लिफाफा दुसऱ्या लिफाफ्यात, आणि वर लाख. त्या दुहेरी लिफाफ्यांतून बदल्यांच्या याद्या गेल्या, साहेबांच्या चहापाण्याचा हिशेब गेला आणि क्वचित खरोखर जपण्यासारखेही काही गेले. कोणते जपण्यासारखे आणि कोणते नुसते लपवलेले, हे ठरवणे माझ्याकडे नव्हते. माझ्याकडे फक्त शिक्का होता.

माझी थोरली बहीण वारली, त्याला वर्ष झाले. तिची एकुलती एक मुलगी लंडनला एका बँकेत संगणकाच्या विभागात काम करते. आईच्या वर्षश्राद्धाला ती आली आणि जाताना मलाच घेऊन गेली. एका सकाळी ती म्हणाली, "मामा, ते घड्याळ नि तो पूल सगळेच पाहतात. आज मी सुटी काढलीय. तुम्हाला तुमच्या खात्याचं लंडन दाखवते."

"माझ्या खात्याचं?"

"गोपनीय!" ती हसून म्हणाली.

निघताना तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात एक जुना निळसर कागद जपून सरकवला. बँकेचा काही असेल, म्हणून मी विचारले नाही. न विचारण्याची सवयही नोकरीतलीच.

*

नाइट्सब्रिज स्टेशनातून वर आले की समोर हॅरॉड्सचे जगप्रसिद्ध दुकान दिसते. तेथे टाचणीपासून पियानोपर्यंत सारे काही मिळते, फक्त किंमत विचारायची नाही. त्या दुकानाच्या कडेने हॅन्स क्रेसेंट नावाचा रस्ता जातो. तेथे तांबड्या विटांची एक देखणी इमारत आहे. तिच्या एका मजल्यावर दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशाची वकिलात. रस्त्यावरून हात उंच केला तर जवळजवळ पोहोचेल असा एक पांढरा सज्जा आणि त्यामागे खिडकी.

"हीच ती," भाची म्हणाली.

या खिडकीमागे ज्युलियन असांज नावाचा ऑस्ट्रेलियन गृहस्थ जवळजवळ सात वर्षे राहिला. १९ जून २०१२ रोजी तो आत गेला आणि ११ एप्रिल २०१९ रोजी पोलिसांनी उचलून बाहेर आणला. मधल्या काळात दाराशी पोलिसांचा अहोरात्र पहारा असे. तो २०१५ साली उठला, तोवर त्यावर एक कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला होता. त्याची मांजर कधीमधी गळ्यात टाय बांधून खिडकीत बसे आणि येणारेजाणारे तिची छायाचित्रे घेत. एका खोलीत सात वर्षे! आमच्या आळीतले लोक दोन दिवस पाऊस लागला तर वेडेपिसे होतात.

हा गृहस्थ काय करी? त्याने २००६ साली 'विकिलीक्स' नावाचे संकेतस्थळ काढले. ज्याच्याकडे दडवलेला कागद असेल त्याने तो तेथे नाव न सांगता धाडावा आणि तो जगाने वाचावा, अशी योजना. २०१० साली अमेरिकन सैन्यातल्या मॅनिंग नावाच्या एका तरुण शिपायाने तेथे भला मोठा पेटारा रिकामा केला. त्यात बगदादमधले १२ जुलै २००७चे चलच्चित्र होते. हेलिकॉप्टरमधून रस्त्यावरच्या माणसांवर गोळ्या झाडल्या जात आहेत, आणि मरणाऱ्यांत रॉयटर या वृत्तसंस्थेचे दोन कर्मचारी आहेत. रॉयटरने ते चित्रण रीतसर मागितले होते, मिळाले नव्हते. शिवाय अफगाणिस्तान आणि इराकच्या लढायांच्या हजारो नोंदी होत्या, आणि अमेरिकन वकिलातींनी मायदेशी पाठवलेले अडीच लाखांहून अधिक खलिते.

"अडीच लाख!" मी म्हणालो. "अगं, आमच्या खात्यात एवढे कागद चोरायचे म्हटले तर मालट्रक लागला असता."

"मॅनिंगनं ते गाण्याच्या तबकडीवर उतरवून घेतले. कामाच्या जागी ओठ हलवत लेडी गागाचं गाणं म्हणत बसायचं सोंग करायचं, आणि तबकडी भरायची."

मला हसू आले. पण ते फार टिकले नाही. मनात एक हिशेब सुरू झाला. दिवसाला शंभर कागद वाचले तरी अडीच लाख कागदांना सात वर्षे लागतील. म्हणजे हे कागद देणाऱ्याने सगळे वाचले नव्हते, घेणाऱ्यानेही वाचले नव्हते. मासा धरायचा तर गळ टाकतात. इथे तळेच उपसले. उपसलेल्या तळ्यात मासे निघतात तशी लहान पिलेही तडफडतात. अफगाणिस्तानच्या नोंदींत, परक्या फौजेला बातमी देणाऱ्या साध्या गावकऱ्यांची नावे होती. सुमारे पंधरा हजार कागद विकिलीक्सने मागे ठेवले होते, तरी कित्येक नावे गेलीच, आणि मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थांनीच 'नावे झाका' म्हणून विनवले. पुढे सप्टेंबर २०११मध्ये सारे खलिते नावानिशी उघडे पडले. ज्या पाच मोठ्या वृत्तपत्रांनी आधी विकिलीक्सच्या जोडीने नावे गाळून बातम्या छापल्या होत्या, त्या पाचांनीच तेव्हा एकमुखाने निषेध केला. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मॅनिंगच्या खटल्यात, या कागदांत नाव आल्यामुळे अमुक माणूस मारला गेला, असे एकही उदाहरण सैन्याला पुराव्याने दाखवता आले नाही.

मॅनिंगला २०१३ साली पस्तीस वर्षांची शिक्षा झाली. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी ती कमी केली आणि २०१७ साली सुटका झाली. असांज वकिलातीत शिरला तो स्वीडनमधल्या दोन स्त्रियांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी तिकडे पाठवले जाऊ नये म्हणून. तिकडून आपल्याला अमेरिकेच्या हवाली करतील, असे त्याचे म्हणणे. ती चौकशी २०१९ साली बंद झाली. वकिलातीतून निघाला तो लंडनच्या बेलमार्श तुरुंगात पाच वर्षे राहिला. अमेरिकेने त्याच्यावर अठरा कलमे लावली होती. त्यांपैकी एकाची कबुली देऊन तो जून २०२४मध्ये सुटला. ती कबुलीही कोठे, तर पॅसिफिक महासागरातल्या सायपान बेटावरच्या अमेरिकन कोर्टात. तेथून तो मायदेशी गेला. आणि ज्या पाच वृत्तपत्रांनी त्याचा निषेध केला होता, त्यांनीच २०२२ साली अमेरिकन सरकारला जाहीर पत्र लिहिले होते की, छापणे हा गुन्हा नव्हे, खटला मागे घ्या.

"म्हणजे त्याचं चुकलं की बरोबर होतं?" भाचीने विचारले.

मी नोकरीतले उत्तर दिले. "प्रकरण विचाराधीन आहे."

*

नाइट्सब्रिजहून त्याच भुयारी गाडीने किंग्ज क्रॉसला जाता येते. स्टेशनामागे रीजंट्स कालवा आहे. तेथे रंगीबेरंगी होड्या बांधलेल्या असतात, त्यांच्या टपांवर तुळशीवृंदावनासारख्या कुंड्या, आणि पाण्याला लागून काचेच्या लाटांची एक नवी इमारत. तिचे नाव किंग्ज प्लेस. गाण्याच्या मैफिलीसुद्धा होतात तेथे. आम्ही काठावर बसून भाचीने आणलेले थालीपीठ खाल्ले. बदके जवळ आली, पण लसणीची चटणी पाहून परत गेली.

"या इमारतीच्या तळघरात," ती म्हणाली, "२० जुलै २०१३ला गुपितांचं श्राद्ध झालं."

झाले ते असे. त्या वर्षीच्या जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन या अमेरिकन तरुणाने आपल्या हेरखात्याचे कागद हाँगकाँगमध्ये वार्ताहरांच्या हाती दिले. लक्षावधी निरपराध नागरिकांनी कोणाला, केव्हा, किती वेळ फोन केला याच्या याद्या सरकार गोळा करीत आहे, हे त्यांतून उघड झाले. लंडनच्या 'गार्डियन' पत्राकडे त्यांच्या प्रती होत्या आणि पत्राची कचेरी याच इमारतीत. ब्रिटिश सरकारने बजावले की, कागद परत द्या नाहीतर नष्ट करा. तेव्हा हेरखात्याच्या दोन माणसांच्या देखत संपादकीय विभागातल्या मंडळींनी तळघरात जाऊन स्वतःच्याच संगणकांचे तुकडे केले, यंत्राने घासून आणि भोके पाडून. गंमत अशी की, त्याच कागदांच्या प्रती न्यूयॉर्कला आणि ब्राझीलला आहेत, हे फोडणाऱ्यांना ठाऊक होते आणि फोडून घेणाऱ्यांनाही ठाऊक होते! पुढे २०१५ साली त्या मोडक्या संगणकांचे अवशेष व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने प्रदर्शनात मांडले. ज्या संग्रहालयात टिपू सुलतानचा लाकडी वाघ आहे, त्यातच.

मी थालीपीठाचा तुकडा मोडीत विचार करीत होतो. आमच्या काळी कागद जाळला की राख उरे आणि गुपित संपे. आता कागदाला शरीरच राहिले नाही, तर त्याचे दहन कसे करणार?

आणखी एक फरक मला दिसला. स्नोडेनने कागद सरळ चव्हाट्यावर ओतले नाहीत. काय छापावे नि काय झाकावे, हे तुम्ही ठरवा, असे सांगून ते वार्ताहरांना दिले. म्हणजे तळे उपसले त्यानेही, पण मासे निवडायला दुसरी माणसे बसवली. त्यानंतर अमेरिकेने २०१५ साली कायदा बदलून त्या याद्या गोळा करणे बंद केले, आणि २०२० साली तिथल्या एका वरिष्ठ न्यायालयाने तो उद्योग मुळातच बेकायदा होता असे म्हटले. स्नोडेनवरचे आरोप मात्र उठले नाहीत. तो रशियात अडकला आणि २०२२ साली तिथलाच नागरिक झाला. ज्याने चोरी दाखवली तो परागंदा, आणि चोरी बंद झाली त्याच्याच दाखवण्याने! हे कोणत्या खात्यात जमा धरायचे?

*

किंग्ज क्रॉसहून आगगाडीने तीन-चार मिनिटांत शहराच्या जुन्या भागात उतरता येते. तेथे ओल्ड बेली नावाचे फौजदारी कोर्ट आहे. घुमटावर न्यायदेवतेची सोनेरी मूर्ती. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात तराजू. आपल्याकडच्या सिनेमांतून आपण जी न्यायदेवता पाहतो तिच्या डोळ्यांवर पट्टी असते. या देवतेच्या डोळ्यांवर नाही. ती सरळ पाहते.

आत मोबाईल नेता येत नाही आणि भाची मोबाईलवाचून राहत नाही, म्हणून आम्ही बाहेरच उभे राहिलो. आत एक शिळा आहे म्हणे, १६७० सालच्या एका ज्यूरीच्या स्मरणार्थ. दोन धर्मोपदेशकांना दोषी ठरवा म्हणून न्यायाधीशाने त्या ज्यूरीला दोन रात्री अन्नपाण्यावाचून कोंडून ठेवले, तरी त्यांनी 'दोषी नाही' हा निर्णय बदलला नाही. इंग्रजांचा मला एवढ्यासाठी आदर वाटतो की, ते आपल्या न्यायाधीशाविरुद्धही शिळा बसवतात.

याच कोर्टात फेब्रुवारी १९८५मध्ये क्लाइव्ह पाँटिंग नावाचा माझ्यासारखाच, पण माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा, सरकारी नोकर उभा होता. तो संरक्षण खात्यात होता. १९८२ सालच्या फॉकलंडच्या युद्धात ब्रिटिश पाणबुडीने 'बेलग्रानो' ही आर्जेंटिनाची युद्धनौका बुडवली आणि ३२३ माणसे मेली. ती बुडवली तेव्हा ती कोणत्या दिशेला चालली होती, याविषयी मंत्री पार्लमेंटला खरे सांगत नाहीत, असे पाँटिंगला दिसले. त्याने दोन कागद एका खासदाराला पोस्टाने पाठवले. दोन! खटल्यात न्यायाधीशाने ज्यूरीला सांगितले की, राज्याचे हित म्हणजे त्या वेळचे सरकार म्हणेल ते. ज्यूरीने ऐकून घेतले आणि पाँटिंगला निर्दोष सोडले. मग सरकारने काय केले? १९८९ साली नवा कायदा केला, आणि 'मी हे राज्याच्या हितासाठी केले' असे म्हणायची पाँटिंगची वाटच त्यातून काढून टाकली.

त्यानंतर कॅथरिन गन. ही इंग्लंडच्या हेरखात्यातली भाषांतरकार. इराकवरच्या युद्धाला संयुक्त राष्ट्रांत मते मिळावीत म्हणून सुरक्षा समितीतल्या काही देशांच्या प्रतिनिधींवर पाळत ठेवायला मदत करा, असे अमेरिकेचे टिपण तिच्या हाती आले. त्या देशांत पाकिस्तानही होता. तिने ते बाहेर दिले आणि २ मार्च २००३ रोजी 'ऑब्झर्व्हर'मध्ये छापून आले. पण कचेरीतल्या कोणीतरी सवयीने टिपणातली अमेरिकन स्पेलिंगे सुधारून ब्रिटिश करून टाकली! लगेच अमेरिकेत ओरड झाली की, कागद बनावट आहे. एका शुद्धलेखनापायी खरा कागद खोटा ठरायची वेळ आली. गनबाईंनी मात्र आपल्यापायी सहकाऱ्यांची उलटतपासणी होऊ नये म्हणून स्वतः होऊन कबुली दिली. २५ फेब्रुवारी २००४ रोजी त्या याच कोर्टात उभ्या राहिल्या आणि सरकारने पुरावाच पुढे न आणता खटला अर्ध्या तासाच्या आत सोडून दिला.

"मामा, आपला कायदा यांच्याच कायद्यावरून ना?" भाचीने विचारले.

होय. हिंदुस्थानात गुपितांचा पहिला कायदा १८८९ साली झाला. त्याच सुमारास कलकत्त्याच्या 'अमृत बझार पत्रिके'ने काश्मीरच्या महाराजांविषयीचा सरकारी कागद छापून गोऱ्या साहेबांची झोप उडवली होती. इंग्लंडने १९११ साली जर्मन हेरांच्या धास्तीत नवा कायदा एका दुपारीत मंजूर केला आणि त्याच्या वळणावर आपला १९२३चा शासकीय गुपिते अधिनियम बेतला गेला. विलायतेने तो १९११चा कायदा २०२३ साली मोडीत काढून दुसरा आणला. आपल्याकडे १९२३चा अजून चालूच आहे. आजी गेली, नात शंभरी ओलांडून ठणठणीत!

परंतु आपण एक गोष्ट फार चांगली केली. महाराष्ट्राने २००२ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. गुपितांचा कायदा काही म्हणो, कागद उघड करण्यातले लोकहित त्यापासून होणाऱ्या हानीहून मोठे असेल तर तो देता येतो, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. साधा अर्ज, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. आणि एखाद्याच्या जिवाचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत.

शेवटचे वाक्य मी जरा अभिमानाने बोललो. भाची काही बोलली नाही. तिने फक्त पर्स उघडली.

*

सेंट पॉलच्या देवळाच्या पायऱ्या तेथून पाच मिनिटांवर आहेत. ऊन पडले होते. दुनियेभरची पोरे तेथे बसून आइस्क्रीम खात होती. आम्हीही बसलो. तिने तो निळसर कागद माझ्या हातात दिला.

ते आंतर्देशीय पत्र होते. अक्षर माझे.

"ती. सौ. ताईस सा. न. वि. वि. घरातले पिण्याचे पाणी माझे पुढचे पत्र येईपर्यंत चांगले वीस मिनिटे उकळून घ्यावे. मुलीला नळाचे पाणी मुळीच देऊ नये. कारण विचारू नये. कोणास सांगू नये. हे पत्र वाचून फाडून टाकावे."

"आईच्या ट्रंकेत सापडलं," भाची म्हणाली. "शालूच्या घडीत."

१९८४ सालची गोष्ट. बहीण तेव्हा देशावरच्या एका तालुक्याच्या गावी राहत असे. त्या गावच्या पाण्याचा तपासणी अहवाल माझ्या टेबलावर आला होता. नळाच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळत होते. साहेबांचा शेरा होता: 'लोकांत घबराट नको. दुरुस्ती होईपर्यंत गोपनीय.' मी शिक्का मारला. पंधरा दिवसांत दुरुस्ती होईल असे फाईलीत लिहिले होते. अडीच महिने लागले. त्या पावसाळ्यात गावात कावीळ पसरली. भाचीला काही झाले नाही. शेजारच्या घरातली सून गेली. सातवा महिना होता तिचा.

पाण्यातून पसरणारी एक कावीळ गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत विशेष घातक असते, हे आता डॉक्टर सांगतात. ती तीच होती की नाही, कोणी तपासले नाही. एवढीच काय ती माझी पळवाट, आणि ती मी चाळीस वर्षे वापरली.

"ती वहिनी मला गजरे करून द्यायची," भाची म्हणाली. "मामा, तुम्हाला एक ठाऊक नाही. आई तुमचं ऐकली नव्हती. ती शेजारी सांगायला गेली होती."

"काय सांगितलं?"

"पाणी उकळा म्हणाली. त्या काकू म्हणाल्या, 'कोण म्हणतं?' आईला तुमचं नाव घेता येईना. ती म्हणाली, 'असंच, पावसाळा आहे.' तर काकू म्हणाल्या, 'पावसाळा दर साली येतो. एवढं रॉकेल कुठून आणू?' झालं. आई परत आली."

मी पत्राची घडी करीत राहिलो. तीन ठिकाणी ते विरले होते.

"हे पत्र दाखवलं असतं तर त्यांचा विश्वास बसला असता आणि तुमची नोकरी गेली असती. आईनं भाऊ निवडला. मग फाडूही नाही शकली." थोडे थांबून ती म्हणाली, "मी तुम्हाला दोष द्यायला नाही आणलं इथं. मी वाचले त्या पत्रानं. पण सकाळी तुम्ही म्हणालात ना, प्रकरण विचाराधीन आहे म्हणून? म्हटलं, कागद दाखल करावा."

सरकारी नोकराला याहून मऊ शब्दांत कोणी खडसावले नसेल.

त्या पायऱ्यांवर बसून मी दिवसभरात पाहिलेले सारे पुन्हा एकदा डोळ्यांपुढून नेले. आता ते दुसऱ्यांचे राहिले नव्हते. कारण नसता, कागद नसता नुसते सांगितले तर कोणी मानत नाही; पाँटिंगला ते दोन कागद आणि गनबाईंना ते टिपण म्हणूनच पाठवावे लागले. पण आख्खी फाईल चव्हाट्यावर फेकणे हाही उपाय नव्हता. त्या फाईलीत प्रयोगशाळेतल्या एका कनिष्ठ माणसाचे नाव होते. वरच्यांची मर्जी मोडून त्याने खरा आकडा लिहिला होता. फाईल तशीच उघडी पडती, तर पहिला बळी त्याचा गेला असता. मला फोडायला हवे होते ते एक पान, त्याचे नाव झाकून. त्या गावातल्या साऱ्या नळांसाठी एक पान. आणि मग पाँटिंगसारखे, गनबाईंसारखे, 'हे मी केले' म्हणून उभे राहायला हवे होते.

मी गुपित फोडले नाही असे कोणी म्हणणार नाही. मी फोडले, पण एका घरापुरते. नियम मोडायला मला धैर्य कमी पडले नाही. ते शेजाऱ्यासाठी कमी पडले. कायद्याने माझा अपराध पत्र लिहिण्यात होता. मनाने तो एकच पत्र लिहिण्यात आहे.

आणि माहितीच्या अधिकाराचा कायदा? तो तेव्हा असता तर बरे झाले असते, हे खरे. पण त्या काकूंनी अर्ज करायचा कशासाठी? आपल्या नळाविषयी फाईलीत काही आहे, हेच ज्याला माहीत नाही तो मागणार काय? म्हणून त्याच कायद्यात, कोणी न मागताही सरकारने आपण होऊन पुष्कळ काही प्रसिद्ध करावे, असे एक कलम आहे. तेवढे पाळले गेले तर वकिलातींत लपायची नि संगणक घासायची पाळी फार थोड्यांवर येईल. कारण दार जितके घट्ट बंद करावे, तितकी खिडकी फोडणाऱ्यांची गर्दी वाढते, आणि त्या गर्दीत निवडून फोडणारे थोडे असतात.

देवळाची घंटा वाजली. भाची उठली आणि तिने मला हात दिला. "चला मामा, उशीर झाला. रात्री पिठलं करू?"

"कर," मी म्हणालो. "पण हे पत्र मला दे."

"फाडणार?"

"नाही."

ते पत्र आता माझ्या टेबलावर आहे. त्या गावी जाऊन यायचे आहे. त्या घरातले कोणी तेथे असेल, त्याला ते दाखवायचे आहे. काय म्हणतील ते म्हणोत. त्याआधी हा मजकूर लिहून संपादकांकडे धाडतो आहे. लिफाफा एकच घातला आहे, आणि लाख लावलेली नाही.